वहिनीच्या आईचे फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगते — कसं सांगावं ते अजूनही जुळत नाही, तरी सांगते.

तिरोड्याजवळचं गाव आमचं. आई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायची. चिखलात राहून तिच्या पायांच्या बोटांमधली कातडी सडायची. दादानं शाळा सोडून राइस मिलमध्ये पोती उचलली, म्हणून मी रेल्वेनं गोंदियाला जाऊन बी.एस्सी. झाले. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. याचा मला गर्व होता. आहे. 'हे मला येत नाही' असं म्हणायची सोय मी ठेवलीच नव्हती — मग कसं म्हणणार?

दादानं जुना कॉम्प्युटर घेतला तो माझ्यासाठी. पण जास्त बसायची वहिनी. दुपारी भांडी आवरली की मराठी टायपिंगचा सराव करायची. परीक्षा द्यायची होती तिला. मला ते — खरं सांगू? — आवडत नव्हतं.

एक दिवस ती टाइप करत असतानाच तो बंद पडला. चालू व्हायचा, निळा पडदा दाखवायचा, पुन्हा बंद. दादा म्हणाला, "तिरोड्याले दुकानात नेतो." मी म्हटलं, कायले? मी आहे न! कॉलेजातल्या, फुलचूर गावच्या मैत्रिणीकडून विंडोज भरलेला पेनड्राइव्ह आणला आणि रविवारी सगळ्यांसमोर बसले.

दादा खुर्चीमागं उभा. "होऊन रायलं का वं? का इंजिनीअर बोलवू?" तो हसत होता. विंडोज बसेना — या डिस्कवर बसवता येत नाही, एवढंच पुन्हा पुन्हा. पडद्यावर डिस्कचे भाग दिसत होते, पण विंडोजचा सी कोणता नि आमच्या फायलींचा डी कोणता, कळायला मार्ग नाही. डीमध्ये दादाच्या लग्नाचे फोटो होते. दुसरीकडं कुठंच नव्हते. एका व्हिडिओत पाहिलं होतं, सगळे भाग डिलीट केले की काम होतं.

डिलीट दाबलं तसा इशारा आला. यातलं सगळं कायमचं जाईल. तुम्हाला वाटेल, मला कळलं नसेल. कळलं होतं. इंग्रजी येतं मला. 'दादा, दुकानात ने' — इतकंच तर म्हणायचं होतं. मी ओके दाबलं. पुढच्या भागावरही.

विंडोज बसली. दादानं पाठ थोपटली, आईनं चहा टाकला. आणि वहिनीनं विचारलं, "ताई, फोटो दिसत नाही जी?"

त्या फोटोंत वहिनीची आई होती. लग्नानंतर वर्षाच्या आतच वारली. मांडवात उभी, पदर डोक्यावर, गालात सुपारी, हसणारी — तिचा हसरा फोटो दुसरा नव्हताच.

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी म्हटलं — इथं हात थांबतो माझा — मी म्हटलं, "बंद पडला तेव्हा तूच बसली होती न वहिनी. तुझ्याच हातानं डिलीट झालं असन."

"मी त टाइप करून रायली होती जी." मग हळूच, "झालं असन बापा. मले काई समजते का?"

"समजत नाही त हात कायले लावला वं?" दादा ओरडला. मी चहा पीत राहिले.

वहिनीनं कॉम्प्युटर जुन्या साडीच्या तुकड्यानं झाकला. पुन्हा त्यावर बसली नाही. परीक्षाही दिली नाही. आजही मोबाइलवर काही दाबायचं झालं की मला विचारते, "ताई, हे दाबू का? जाणार त नाही न काही?" आपल्या आईला आपल्याच हातानं पुसलं, असं तिला वाटतं. मी ते तसंच वाटू दिलं.

कारण देत नाही. होतं ते सांगितलं. विंडोज मात्र मी नीट बसवली होती. तो कॉम्प्युटर पुढं कित्येक वर्षं चालला, एकदाही अडला नाही.