आम्ही समोरचे

सर्व्हिस सेंटरमध्ये कॉम्प्युटर उघडून पुन्हा लावला की एक-दोन स्क्रू हमखास उरतात. ते कुणी टाकून देत नाही, डब्यात पडत राहतात. आमच्या कंपनीला दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं, त्या काळातले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. कुठं बसवायचे कळत नाही आणि टाकवतही नाहीत! चारचौघांत सांगितले की लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण एकटा असलो की त्यातल्या काहींनी अजून कान गरम होतात.

आमची कंपनी कॉम्प्युटर बनवायची. एके काळी नाव होतं, मग माल गोदामात पडून राहायला लागला. सोलापूरची शाखा सात रस्ता चौकात. मी गड्डम, विक्री माझ्याकडे. दुरुस्तीचे प्रमुख कांबळेसाहेब. ते कधी खोटं बोलत नसत, म्हणून गिऱ्हाइकाशी बोलायला कंपनीनं मला ठेवलं होतं! व्हॅन चालवायला रफिकभाई. आणि रस्त्याच्या पलीकडे त्या बड्या कंपनीचं ऑफिस, सगळं काचेचं. तिचं नाव आम्ही तोंडातून काढत नसू. ‘समोरचे’ म्हणायचो, बस्स.

*

कंपनी विकल्याची बातमी मला कंपनीनं नाही, माझ्या मेव्हण्यानं दिली. तो माळशिरसला जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री करतो. सकाळी सकाळी त्याचा फोन.

“दाजी, तुमची कंपनी इकली म्हणं! टीव्हीवर दावत्यात.”

“काहीतरीच काय? मला कसं माहीत नाही?”

“आता तुमाला कोन इचारनार? बरं, सौदा सामानासकट झाला, का नुसतीच इकली?”

“म्हणजे?”

“म्हंजी, तुमी त्यात हाय का न्हाय?”

मी म्हटलं, विचारून सांगतो!

फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा नोकरी नाही, होटगीच्या पुढची ती शाळा आठवली. तिथली कॉम्प्युटर लॅब मीच विकली होती. लॅबच्या पूजेला मुख्याध्यापिका बिराजदारबाईंना अख्ख्या गावासमोर शब्द दिला होता, “बाई, पाच वर्षं काही बिघडलं तर हा गड्डम आहे!” पाच वर्षं सरली नव्हती आणि मागच्या पावसाळ्यात वीज पडून लॅबमधले सगळे मदरबोर्ड गेले होते. पार्ट मागवलेत, येतायत, असं मी बाईंना सांगत आलो होतो. आता पार्ट देणारी कंपनीच विकली गेली होती.

*

आठवड्याभरात हेड ऑफिसनं सगळ्यांना स्क्रीनसमोर बसवलं. विकत घेणारे समोरचेच निघाले! बडे साहेब गहिवरून म्हणाले, “ही विक्री नाही. दोन कुटुंबं एकत्र येतायत!”

मागच्या बाकावरून रफिकभाईंचा आवाज आला, “मतलब साब, अपन लडकीवाले हुए ना?”

आम्ही हसलो. पण पुढच्याच आठवड्यात दोन्ही शाखांचं एकत्र जेवण झालं. हॉटेलात खुर्च्या कमी पडल्या. कुणी काही बोललं नाही, तरी आमची माणसं एकेक करून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी तर चक्क समोरच्यांच्या मॅनेजरला भाकरी वाढायला लागलो! माझी मला लाज वाटली, पण हातातलं ताट काही खाली ठेववेना.

कांबळेसाहेबांना भूक निघत नाही. ते ताट घ्यायला पुढं झाले तसा रफिकभाईंनी त्यांचा हात धरला.

“रुको साब. पहले उनो खा लेंगे. अपन लडकीवाले हैं!”

*

एमआयडीसीत येमूलशेठचा टॉवेलचा कारखाना. आमचं जुनं गिऱ्हाईक. आमच्याच समाजातले, त्यामुळं माझ्याशी नेहमी तेलुगूत बोलायचे. समोरच्यांच्या मालाला मी तिथं बसून वर्षानुवर्षं नावं ठेवली होती. आता नव्या कंपनीचा टी-शर्ट घालून त्याच मालाचं माहितीपत्रक घेऊन गेलो.

शेठनी टी-शर्टकडं बघितलं. माहितीपत्रकाकडं बघितलं. आणि त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलले, तेही मोठ्यानं, म्हणजे सगळ्या कामगारांना कळावं!

“काय रे गड्डम, मागल्या दिवाळीत तूच म्हणलास की, समोरच्यांचा माल म्हणजे डबडं! मग आता तू डबड्यात गेलास, का डबडं तुझ्यात आलं?”

यंत्रमाग सुरू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. मी चहा न पिता निघालो.

*

मग आमच्याच नोकरीसाठी आमच्या मुलाखती! कांबळेसाहेब आयुष्यभर याच कामात, आणि समोर बसलेला साहेब त्यांच्या मुलीच्या वयाचा.

“सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?”

“घरी,” कांबळेसाहेब म्हणाले. “पुढच्या वर्षी रिटायर होतोय.”

बाहेर येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. मग माझा नंबर लागला. तोच प्रश्न. मी खुर्चीतून अर्धवट उठून म्हणालो, “तुमच्याच पायाशी, सर!”

तो पोरगाच बिचारा लाजला.

*

नोकऱ्या राहिल्या. मग ट्रेनिंग आलं. पुण्याहून एक मॅडम स्क्रीनवर. नियम असा की आमच्या जुन्या मशिनना आता पार्ट मिळणार नाहीत. पण गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. “आपण सध्या ट्रान्झिशनमध्ये आहोत” असं हसऱ्या आवाजात सांगायचं.

कांबळेसाहेबांनी हात वर केला. “मॅडम, होटगीकडं एक शाळा आहे. लॅब बंद आहे. मुलींची कॉम्प्युटरची परीक्षा तोंडावर आलीय. पार्ट येणार का?”

“सर, आपण सध्या ट्रान्झिशनमध्ये आहोत,” मॅडम हसऱ्या आवाजात म्हणाल्या.

कांबळेसाहेब माझ्याकडं वळले. “पोरीनं आधी स्वतः पाठ केलंय हं!”

*

आम्ही रस्ता ओलांडून काचेच्या ऑफिसात गेलो. पण जीभ कुठं रस्ता ओलांडते? पहिल्याच दिवशी फोन वाजला. नवीन कंपनीचं नाव घ्यायचं होतं. ते काही आठवेना.

“नमस्कार, समोरचे बोलतोय!” मी म्हणालो.

“समोर कुठं?” पलीकडून बाईमाणसाचा आवाज. “मला कुणीच दिसंना की!”

बिराजदारबाई! शाळेतून बोलत होत्या. मी घसा साफ केला आणि शिकवलेलं वाक्य म्हटलं, “बाई, आपण सध्या ट्रान्झिशनमध्ये आहोत.”

बाई एकदम खुशीत. “ट्रान्झिशन म्हणजे बदल! म्हणजे सगळं बदलून नवं देणार की! पेपरात वाचलं मी, लई मोठी कंपनी आहे म्हणे. कधी येताय? शनिवारी या!”

‘नाही’ म्हणायची हीच वेळ होती. मी म्हणालो, “येतो.”

*

कांबळेसाहेबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “फोनवर नको. तोंडावर जाऊन सांगू. शब्द दिला तसा मोडायलाही समोर जावं माणसानं.” व्हॅनमध्ये मी वाटभर वाक्य जुळवत होतो. ‘बाई, माफ करा, पार्ट मिळणार नाहीत.’ साधंच वाक्य होतं.

शाळेच्या दारात रांगोळी! पोरं दोन रांगांत उभी. मी साहेबांना म्हटलं, कुणीतरी पुढारी येणार असेल, आपण नंतर येऊ. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, ‘आपले गड्डम सर व कांबळे सर यांची मोठ्या कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

बाईंनी आम्हाला आधी लॅबमध्ये नेलं. बंद मशिन कापडानं झाकून ठेवली होती. त्यांच्यापुढं मुली ओळीनं बसल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढं पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पेनानं काढलेला कीबोर्ड. ए, एस, डी, एफ, सगळी अक्षरं जागच्या जागी. मुली मान वर न करता पुठ्ठ्यावर बोटं चालवत होत्या.

“बोटं विसरायला नकोत म्हणून,” बाई म्हणाल्या. “मशिन चालू झाली की लगेच पळतील बघा.”

यंदाच शाळेत आलेल्या एका मुलीनं मला विचारलं, “सर, स्पेसबार दाबल्यावर आवाज कसा येतो?”

कांबळेसाहेबांनी बाकावर अंगठा वाजवून दाखवला, तर सगळ्या मुली तसाच आवाज काढायला लागल्या.

मग मैदानात सत्कार. सोलापुरी चादर आणि नारळ. माझ्या वडिलांनी जन्मभर असल्या चादरी विणल्या, पण आमच्या घरात कुणाच्या खांद्यावर सत्काराची म्हणून ती पहिल्यांदाच पडली, आणि तीही कंपनी विकली गेली म्हणून! उघडं करून कुणी चौकात उभं केलं असतं तरी परवडलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई माईकवर म्हणाल्या, “आता गड्डम सर दोन शब्द बोलतील. आपले कॉम्प्युटर कधी चालू होणार, ते सांगतील.”

मी कांबळेसाहेबांकडं बघितलं. ते मांडीवरच्या नारळाची शेंडी सरळ करत होते. मी माईकपुढं उभा राहिलो. पहिल्या रांगेत त्या मुली. पुठ्ठे बरोबर घेऊनच आल्या होत्या. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं.

“सोमवारी,” मी म्हणालो.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! बाईंनी तर डोळ्याला पदर लावला.

परत निघालो. रफिकभाईंनी रेडिओ लावला नाही. होटगीला रेल्वेचं फाटक लागलं, मालगाडी यायची होती. साहेब आता झाडणार, आणि झाडावंच, असं मला वाटत होतं. मालगाडीचे डबे एकेक करून गेले. फाटक उघडायला लागलं तसे कांबळेसाहेब खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले,

“गड्डम, कुठला सोमवार ते बोलला नाहीस, बरं केलंस.”