अक्काच्या डोक्यावरची तीन फुलपाखरं

माझ्या आत्याने आयुष्यात एकाही फुलपाखराचा फोटो काढला नाही.

आज सकाळी ती गेली. अख्ख्या मल्लेश्वरमची अक्का, म्हणून माझीही अक्काच.

दुपारपर्यंत सगळीकडे एकच चित्र फिरतंय. गोबऱ्या गालांची आजी, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर तीन फुलपाखरं. तिच्यावर लिहिलेल्या लहान मुलांच्या पुस्तकातलं.

खाली प्रकाशक लिहितो, ‘हसू टिपणारी आजी हरपली.’

हसू म्हणे!

घरात तान्हं लेकरू दगावलं आणि त्याचा एकही फोटो नसला, की अक्काला बोलावणं यायचं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर नको, म्हणून.

ती बाळाला आईच्या मांडीवर ठेवायची, टोपरं नीट करायची, फोटो काढायची. मग आपल्या स्टुडिओत बसून प्रिंटवर बारीक ब्रशने मिटलेले डोळे उघडे रंगवायची.

हे सगळं तिने पुस्तकाच्या लेखिकेला सांगितलं होतं. बाई ऐकून रडल्या. सेल्फी काढला. आणि पुस्तकात फुलपाखरं घातली.

“मुलांना हे झेपणार नाही, आंटी. थोडं हॅपी ठेवू या.”

“सरी, ठीक आहे. मग पुस्तकातून माझं नाव काढ,” अक्का म्हणाली.

नाव कसलं काढतायत! ‘सत्यकथा’ म्हणून कव्हरवर छापायचं होतं ना.

इंदिरानगरच्या कॅफेत लाँच. कपकेकवर साखरेचे कॅमेरे. शी!

एका लहान मुलीने विचारलं, “अज्जी, सगळ्यात कठीण फोटो कुठला?”

अक्काने खरं ते सांगून टाकलं. प्रकाशकाने हसत हसत माइक काढून घेतला आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मोठ्यांनी वाजवल्यासुद्धा.

ज्यांना झेपणार नव्हतं ती मुलं मात्र जागची हलली नाहीत.

ती मुलगी उठून अक्काजवळ गेली. “त्या आईला ते डोळे आवडले?”

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

अक्का खाली वाकली.

“नाही ग. ती म्हणाली, हा असा बघत नव्हता. म्हटलं, मग कसा बघायचा? ती सांगत बसली, मी स्वल्प स्वल्प रंगवत बसले. पुसायचं, परत रंगवायचं. संध्याकाळ झाली तरी ती सांगतच होती. घरी तिला त्याचं नावसुद्धा कोणी काढू देत नव्हतं.”

तुमची भावपूर्ण श्रद्धांजली फुलपाखरांना वाहा.

अक्का, ‘जा’ नाही म्हणत, ये. नमस्कार करते.