शेवंताच्या पहिल्या धड्यासाठी उमरेडहून नागपूर

आधी त्या मास्तराचं सांगते. माझ्या नातीला, शेवंताला, गावच्या शाळेत नाव घालायला नेलं, तर त्यानं पाठीमागून दोनदा हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. "डोक्यानं कमी आहे," म्हणाला अन् मोकळा झाला. सहा वर्षांची पोर चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवते, उतू जायच्या आत उतरवते, अन् डोक्यानं कमी!

म्हणून मी, सून कमल अन् शेवंता नागपूरला डॉक्टराला दाखवायला निघालो. असं लेकरू कोणाला न्यायचं असेल तर उमरेडहून पहाटेची एसटी धरा. नंतरच्या गाडीत मिरचीची पोती चढतात, रस्ताभर शिंकत बसावं लागतं. भाकर-झुणका घरचाच घ्या. स्टँडवरच्या पोह्यांवर अशी तर्री ओततात की लेकराच्या तोंडाला आग.

सायकलरिक्षावाला म्हणे, "धंतोली? दो रुपया, अम्मा."

"रिक्षा विकत घेऊन राहिली का मी?"

हसला, सव्वा रुपयात तिघींना घेऊन गेला.

धंतोलीत डॉक्टरानं शेवंतामागे घंटी वाजवली. काही नाही. ताट बडवलं तेव्हा वळली. "जन्मापासून कमी ऐकू येतं. घरात कळलं कसं नाही?"

काय सांगू? आमच्या घरी दिवसभर हातमाग खटखटतो. तिथं चांगल्या कानाचा माणूसही तिसऱ्या हाकेला ओ देतो. खांद्याला हलवून, हातानं दाखवून बोलायची सगळ्यांचीच सवय.

त्यानं मागच्या खोलीत पाठवलं. तिथल्या बाई लेकरांना नाही, आईबापांना अन् मास्तरांना शिकवतात. भंडाऱ्याकडचा एक मास्तर बसला होता, दोघी आया होत्या. बाई म्हणाल्या, "ही ओठ पाहून शब्द ओळखायला शिकेल. शिकवायचं तुम्ही. दर महिन्याला टपालानं धडा येईल, घरासाठी एक, शाळेसाठी एक." मग शेवंताला कमलसमोर बसवलं. "हिला 'पाणी' म्हणा."

समोर परका पुरुष. कमलनं पदर नाकापर्यंत ओढला अन् म्हटलं, "पाणी."

शेवंतानं पदराकडे पाहिलं. मग मान वाकडी करून खालून आत डोकावली.

बाईंनी हळूच विचारलं, "घरीही असंच?"

"मामाजी असतात ना समोर," कमल म्हणाली.

खरं होतं. तिचे सासरे, म्हणजे आमचे बुढे, बाहेरच्या खोलीत मागावर, अन् सुनेनं सासऱ्यापुढे तोंड झाकायचं ही आमच्याकडची रीत. पोरीला आईचं बोलतं तोंड दिसणार कुठून?

"कमले, कर वर तो पदर."

"आत्याबाई, लोकं बसले हायेत."

"बसू दे. ते बी लेकरासाठीच आले."

कमलनं पदर मागे टाकला. "पाणी." शेवंतानं तिच्या ओठांवर बोट ठेवलं, मग आपल्या. "पा."

कमल रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको वं. तोंड वाकडं होते, पोरीले शब्द नाही समजत."

पहिले दोन्ही धडे बाईंनी हातातच दिले. घरच्या धड्यात लिहिलं होतं, मायलेकींनी आरशासमोर बसायचं. म्हणून आरसा घ्यायला इतवारीच्या बाजारात गेलो. तिथं हातगाड्यांची अशी गर्दी की काच घ्यायची असेल तर शेवटी घ्या अन् पोटाशी धरा. येताना एसटीत शेवंता माझ्या मांडीवर अन् आरसा तिच्या. गावापर्यंत ती आपलं तोंड उघडून-मिटून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या मास्तराच्या हातात त्याचा धडा दिला. वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. "समोर बसवीन तिला. जूनमध्ये आणा," म्हणाला. बरं झालं. पण मास्तर चार तासांचा, बाकी दिवस घरचा. नागपूर पाहिलं म्हणाल तर रस्ते विसरले मी. ती वाकडी मान काही डोळ्यापुढून जात नाही.

संध्याकाळी शेवंता "पा, पा" करत आली. कमलनं तोंड उघडलं, तर मागावरून आमचे बुढे खेकसले, "सूनबाई, पदर कुठी गेला?" तिचा हात डोक्याकडे गेला. मी तो धरला.

"अवो, माग थांबवा अन् आयका. लाज वाटत असन तर तुम्ही तिकडं तोंड फिरवा. पोरगी जे इचारन, त्याचं उत्तर तिची मायच देईन, उघड्या तोंडानं. मधात कोणी बोलाचं नाही."