स्लॅबवरची परीक्षा

मोबाईलच्या लहरी अडवणारा पातळ पत्रा करायचा, हे माझं पीएच.डी.चं काम. पत्रा धातूचा नाही; चिकट रेझिनमध्ये कार्बनची अतिबारीक पूड घोटून केलेला. तो किती लहरी अडवतो हे मोजणाऱ्या मोठ्या यंत्रावर पाळी एकदाच मिळणार होती. तिथं नापास झाला असता तर शिष्यवृत्ती संपली असती आणि प्रबंध तसाच पडला असता.

म्हणून आधी घरी बघायचं ठरवलं. दिवाळीला, खव्यासाठी नावाजलेल्या वाशीजवळच्या आमच्या गावी त्या पत्र्यांची डबी करून नेली. माजघरात बसून तिच्यात माझा फोन ठेवला, कडा तांब्याच्या चिकटपट्टीनं बंद केल्या आणि अंगणात खव्याच्या भट्टीवर बसलेल्या आईला फोन लावायला सांगितलं. डबी गप्प. मी हुरळून गेले.

आई खवा उतरवून आत आली. "आता डबी उघडून ठिव, परत लावते."

ती भट्टीवर गेली, फोन लावला. उघडा फोनही वाजला नाही.

"अगं, माजघरात कधी रेंज असती का?"

इतकी वर्षं विज्ञान शिकले, पण हे सुचलं चौथी शिकलेल्या बाईला. मला लाज वाटली आणि तिचा अभिमानही.

मग रेंजसाठी दोघी घराच्या स्लॅबवर गेलो. तिथं डबीतला फोन खणखणीत वाजला. आईनं पत्र्यावरून बोट फिरवलं.

"लई गुठळ्या हायत की. पिठल्यात पीठ कोरडंच टाकतीस व्हय? आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यावं, मग वाढवावं."

मी पूड कोरडीच टाकत होते आणि घोटायचं यंत्र मात्र तासनतास फिरवत होते.

परत गेल्यावर पूड आधी चमचाभर रेझिनमध्ये घोटली, मग बाकीचं घातलं. संक्रांतीला नवी डबी घेऊन पुन्हा स्लॅबवर. आईनं आधी उघडा फोन वाजवून घेतला. मग डबी बंद केली.

"लागत न्हाय," ती म्हणाली. तरी तिनं डबी उघडायला लावून, उघडा फोन वाजतोय ना, याची पुन्हा एकदा खात्री केलीच.

यंत्रावर पत्रा पास झाला तसा मी आईला फोन केला. ती भट्टीपाशीच होती, लगेच उचलला.

"झ्याक झालं," ती म्हणाली. "पर तुझा फोन त्या डबीत ठिवत जाऊ नको. मला लागला पायजे."