पट्टीवरची सही

मंगळवार. सासूबाईंच्या पायाची पट्टी बदलायची होती. मधुमेहाने चिघळलेला अंगठा शुक्रवारी कापायचं ठरलं होतं. धायरीहून येणाऱ्या सिस्टर कमी बोलतात, चहा घेत नाहीत. चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेलं जेल जखमेवर बसवतात आणि वरच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने सही ठोकतात, कारण सासूबाईंनी एकदा गुपचूप पट्टी उघडून आत हळद भरली होती.

आज सही शाबूत होती. पट्टीखाली जखम भरून नवी, गुलाबी कातडी आली होती.

"आजी, हळद आता आमटीत घाला."

"घालते हो. अंगठा राहिला ना?"

सिस्टरांनी दार उघडलं आणि समोरच्या काकूंना हाक मारली, "अहो, या, अंगठा बघून जा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना पाय दाखवून मी ऑपरेशन रद्द करून आले.