आज कितवा दिवस?

नंदे, ये इकडं, जवळ बस बघू. आई गेली, तेरावा झाला आणि पुण्याच्या गाडीत बसलीस ती बसलीस... दीड महिना झाला, काकू जिवंत आहे की नाही याची तरी चौकशी? फोन केला की "काकू, ऑफिसात आहे गं." म्हणून आता पेपरातच लिहिते. चहा पिताना तरी वाचशील. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगायचीय.

तुझी आई माझी थोरली जाऊ, माहेर घोटीचं. मी तिला अक्का म्हणायचे, ती मला धाकटे. पंचवटीतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत बाईची पाळी आली की चार दिवस मागच्या दाराशी पोत्यावर बसायचं. कशाला शिवायचं नाही. तिचा जर्मनचा पेलासुद्धा वेगळा, त्यात वरून पाणी ओतायचं. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाली की घरात. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्का सातवी पास. तिच्या त्या चार दिवसांत ती कोळशानं फरशीवर अक्षरं काढायची आणि मी हातभर लांब बसून गिरवायचे. "शिवू नको म्हणाल्यात, शिकू नको कुठं म्हणाल्यात?" असं म्हणायची. सासूबाईंची चाहूल लागली की पेल्यातलं पाणी फरशीवर ओतून मोकळी! आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो.

तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. सासूबाई कळवणला लेकीकडं गेलेल्या, त्या सकाळीच परतल्या. पाठोपाठ घोटीहून माणूस आला. अक्काची आई गेली, दुपारी उचलणार. तुझ्या वडिलांनी भाड्याची जीप दाराशी आणली. अक्का मागच्या दारात उभी, चेहरा पांढराफटक. सासूबाईंनी मला विचारलं, "धाकटे, हिचा आज कितवा दिवस?"

ते मला एकटीलाच ठाऊक होतं, नंदे. अक्का माझ्याकडं बघत होती. पाचवा म्हणायचं होतं मला, बास. दोन तांबे डोक्यावर घेतले असते आणि निघाली असती. माझ्या तोंडून खरं तेच आलं, "तिसरा."

"मग मयताला कशी शिवणार? बस तिथंच," सासूबाई म्हणाल्या. जीप गेली. अक्का पोत्यावर बसली. मी पाणी ओतायला गेले तर तिनं पेला पुढं धरला. म्हणाली, "तू नवी आहेस गं. घाबरलीस." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यात पुन्हा कोळसा घेऊन बसली... माझी जोडाक्षरं राहिली होती ना. आज हे लिहितेय ती अक्षरं तिचीच.

सासूबाई गेल्या त्याच वर्षी आम्ही दोघींनी ते पोतं जाळलं. पेला मात्र अक्कानं टाकू दिला नाही. तुझी लेक मिहिका मागं सांगत होती, नेपाळकडं म्हणे बायकांना गावाबाहेर झोपडीत ठेवायचे, आणखी कुठल्या कुठल्या देशांत, धर्मांत असंच काहीबाही. मी अक्काला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे सगळ्याजणी आपापल्या मागच्या दाराशीच."

दवाखान्यातला तिचा तो तिसरा दिवस. तू वाटेत होतीस. अक्कानं डोळे उघडले. "धाकटे, आज कितवा दिवस गं?" म्हटलं, "पाचवा, अक्का. झाले दिवस. न्हा आणि जा आईकडं." मग हसली. "आत्ता शिकलीस होय खोटं बोलायला... किती उशीर केलास." माझा हात धरला, तो मग सोडलाच नाही. तू तासाभरानं पोचलीस.

तू का येत नाहीस, ते कळतं मला. आईची गाठ पडली नाही, म्हणून घर नको झालंय तुला. तिचंही तसंच झालं होतं गं. वर्षभर घोटीचं नाव काढलं नव्हतं तिनं. मी तेव्हा गप्प बसले, आता नाही बसणार.

पेला मागच्या दाराशीच आहे. सकाळी त्यानंच तुळशीला पाणी घालते. तू ये, मिहिकालाही आण, तिचे दिवस असले तरी आण. या घरात आता कितवा म्हणून कुणी विचारत नाही. फक्त लवकर ये, नंदे. मी वाट बघते.