जेवणाच्या खोलीचं माप

हरिहरपंतांनी अठ्ठावीस वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं मोजली. समुद्रात मात्र ते एकदाही गेले नाहीत, मळमळतं. पत्नी पद्माबाई वारल्यावर मुलानं, सुरेंद्रनं, त्यांना पिंपरीला संत तुकाराम नगरात आणलं. सुरेंद्र कंपनीत, सून शुभदा शाळेत, आणि दिवसभर घरात पंत एकटे. मग ते भिंती मोजत. स्वयंपाकघर दीड इंचानं तिरकं आहे, हे त्यांनी शुभदाला तीनदा सांगितलं.

"मामंजी, आमटी सरळ होतेय ना?" ती म्हणाली. विषय मिटला.

एकोणऐंशी साली वर्तमानपत्रात नोटीस आली: जहाजांच्या मापाचे नवे नियम होणार, जनतेनं हरकती पाठवाव्यात. पिंपरीच्या जनतेतून एकटे हरिहरपंत उठले. जहाजातली जेवढी बंद जागा मापात धरतात, तेवढा बंदराचा कर मालकाला पडतो. म्हणून मालक खलाशांची जेवणाची खोली आक्रसत नेतो. ती खोली मापातून वगळा, एवढीच त्यांची हरकत. दमलेल्या माणसांना चार घास एकत्र खाता यावेत.

"बाबा, इथून समुद्र शंभर मैल," सुरेंद्र बूट चढवत म्हणाला. "तुम्हाला कोण विचारतंय?"

पण विचारलं! महिन्याभरानं खाकी पाकीट आलं. एकत्र जेवताना माणशी किती जागा लागते, ते स्वतःच्या अनुभवावरून पंधरा दिवसांत कळवावं. तरच हरकतीचा विचार होईल.

अनुभव म्हटल्यावर पंत अडखळले. जहाज गोदीला लागलं की खलाशी शहरात पळत, आणि मग पंत टेप घेऊन वर चढत. शेकडो जेवणाच्या खोल्या त्यांनी मोजल्या, सगळ्या रिकाम्या. घरी पाहावं, तर तीन माणसांच्या जेवायच्या तीन वेळा, आणि टेबलावर शुभदाच्या तपासायच्या वह्या.

चौदाव्या दिवशी भर दुपारी ते टेप घेऊन कोपऱ्यावरच्या बरकतच्या स्कूटर गॅरेजात शिरले. बरकत, त्याचे दोन भाऊ आणि शेजारी लेथ चालवणारा ज्योतीराम जमिनीवर कागद पसरून, डबे उघडून बसले होते.

"कुणी हलू नका," पंतांनी फर्मावलं. "सरकारी काम आहे."

"गॅरेज पाडताय का काय, काका?" ज्योतीरामनं घास हातातच धरला.

"मोजतोय."

"मग पोट आत घे रे, बरकत!"

"तू आधी गुडघे आवर. माझ्या डब्यात आलेत."

पंतांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, ज्योतीरामचे गुडघेही घेतले. चौघांना अठ्ठावीस चौरस फूट. माणशी सात.

बरकत भावाला ढकलून थोडा सरकला. "बसा ना, काका. आमच्या नजमानं घरून वांगं दिलंय आज. तुम्हाला चालेल."

वांग्याचा वास चांगला होता. घरी शुभदानं झाकून ठेवलेलं ताट सकाळपासून गार पडलं होतं.

"मी बसलो तर माप चुकेल," पंत म्हणाले, आणि चौघांची जेवणं होईपर्यंत बाजूला उभे राहून तोच आकडा पुन्हा पुन्हा तपासत राहिले.